धारूर घाटाची धार नकाशावर परतली

मी बनवत असलेल्या संगणकीय युद्धखेळात मागच्या नोंदीपर्यंत अडून राहिलेला दृष्टिरेषेचा, म्हणजे कोणाला कुठून कोण दिसते याचा, प्रश्न सुटला आहे. बीड जिल्ह्यातील धारूरच्या घाटमाथ्यावर दबा धरून बसलेल्या निळ्या बाजूच्या क्षेपणास्त्र तुकडीला तेलगावकडून येणारे लाल रणगाडे आता जिथे दिसायला हवेत तिथेच दिसतात.

सारी अडचण उंचीच्या आकड्यांत होती. फेब्रुवारी २००० मधील अवकाश-रडार सर्वेक्षणाची दर ३० मीटरला एक उंची देणारी जाळी खेळाच्या नकाशावरील ५०० मीटरच्या षटकोनी घरांत बसवताना प्रत्येक षटकोनाला एकच सरासरी उंची मिळत होती. बालाघाटाची धार अरुंद आहे. सरासरी काढताच ती बुजते, आणि धारेआड फक्त टरेट (तोफेचा फिरता घुमट) वर ठेवून उभा असलेला टी-७२ रणगाडा पायथ्यावरून अख्खा दिसू लागतो. सरासरीऐवजी कमाल उंची घेतली, तर प्रत्येक षटकोन भिंत होऊन बसला आणि कोणालाच काही दिसेना.

म्हणून षटकोन आता केवळ हालचाल आणि रसद यांच्यासाठी ठेवले असून दृष्टिरेषा थेट मूळ जाळीवर मोजली जाते. पाहणाऱ्याच्या आणि लक्ष्याच्या षटकोनांतील निवडक बिंदू एकमेकांशी जोडायचे, आणि त्यांतील जितक्या रेषा मोकळ्या, तितकी लक्ष्य हेरले जाण्याची शक्यता. पृथ्वीचा बाकही हिशेबात धरला आहे, कारण ४ किलोमीटरवर तो सुमारे सव्वा मीटर भरतो आणि टी-७२ ची उंची जेमतेम सव्वादोन मीटर आहे. एवढे गणित गोडो या खेळ बनवण्याच्या साधनाच्या जीडीस्क्रिप्ट भाषेला पेलत नाही. हा भाग सी++ या वेगवान भाषेतच लिहावा, असे माझे ठाम मत आहे. पडताळणीसाठी मात्र क्यूजीआयएस या नकाशा-प्रणालीसारखे दुसरे साधन नाही.

पहिल्याच चाचणीत समाधान वाटावे असा प्रसंग घडला. कमाल पल्ल्यावरून डागलेल्या कॉन्कर्स या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राला ४ किलोमीटर कापायला २० सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तारेने नियंत्रित होत असल्याने तेवढा वेळ लक्ष्य नजरेत राहावे लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाचा रणगाडा तेवढ्यात दीडशे मीटरहून अधिक सरकून ओढ्याच्या पात्रात उतरला, आणि क्षेपणास्त्र वाया गेले. जुन्या पद्धतीत तो हमखास टिपला गेला असता.

यानंतर तोफखाना हाती घेण्याचा विचार होता. पण हे लिहीत असतानाच तेलगाव परिसरातील उसाचा मुद्दा सुचला, आणि तोच आधी घ्यावा असे वाटते. पूर्ण वाढलेला ऊस टी-७२ पेक्षा उंच असतो, आणि रडारच्या जाळीतील त्रुटीच काही मीटरांची असल्याने तो तिच्यातून वेगळा काढता येत नाही. तेव्हा आच्छादनाचा स्वतंत्र थर करून तो लढाईच्या तारखेशी जोडावा लागेल: गाळप सुरू होण्यापूर्वी दाट, पुढे तोड होईल तसा फडाफडाने मोकळा. उसात शिरलेल्या रणगाड्यालाही बाहेरचे दिसता कामा नये. शिवाय तो मागे आडव्या झालेल्या उसाचा पट्टा सोडतो आणि घाटावरून तो पट्टा ओळखू येतो. त्यामुळे रणगाडा दिसला नाही तरी त्याच्या मार्गाची खूण वरच्या तुकडीला मिळेल, असा नियम त्याच थरात घालणार आहे.