कोल्डप्लेचं तिकीट आणि बाबांनी न दिलेला ओटीपी

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या शोच्या तिकिटांसाठी लागलेल्या ऑनलाइन रांगेबद्दल इतकं लिहून झालंय की त्यात माझी भर नको. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बाराला विक्री सुरू झाली. माझ्यापुढे काही लाख लोक होते. १८ आणि १९ जानेवारी २०२५ चे शो डोळ्यांदेखत गेले, रांगेत असतानाच २१ तारखेचा तिसरा शो जाहीर झाला आणि त्यात उभ्याने बघायची दोन तिकिटं मिळाली, प्रत्येकी ६,४५० रुपये. बाबा मागून म्हणाले, "पितृपंधरवड्यात कसली खरेदी करतेस?" मी कानाआड केलं.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं. पैसे कापले गेले, मेल आला, म्हणजे तिकीट मिळालं अशी आमची साताऱ्यातली समजूत. पण ही तिकिटं कागदी होती, कुरिअरने घरी येणारी, तीही शोच्या तोंडावर, जानेवारीत. मोबाइलमधला मेल दाखवून गेटवर कुणी आत सोडणार नव्हतं.

माझा जीव या तिकिटात एवढा का अडकला होता तेही सांगते. हा बँड २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर वाजवून गेला होता. तारीख १९ नोव्हेंबर. नोटाबंदी ८ नोव्हेंबरची. मी बँकेत आहे, त्यामुळे पुढचं सांगायला नको. तो शनिवार मी काउंटरच्या आत काढला, बाहेर रांग रस्त्यावर आलेली, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. मैत्रिणीने मैदानातून फोन लावून गाणं ऐकवायचा प्रयत्न केला, मला तिच्या किंचाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

तर जानेवारीत मेसेज आला की पार्सल निघालंय. डिलिव्हरीच्या दिवशी भरदुपारी अनोळखी नंबरवरून फोन येत होते आणि फोन माझ्या ड्रॉवरमध्ये होता, कारण काउंटरवर तो तिथेच असतो. मुलगा घरी पोचला. बेल वाजली. बाबा बाहेर आले.

"काका, मॅडमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा विचारून सांगा."

"कसला ओटीपी? माझी मुलगी बँकेत आहे. ओटीपी कुणालाही द्यायचा नसतो."

"अहो काका, त्याशिवाय पार्सल देता येत नाही."

"मग नको तुझं पार्सल. घेऊन जा."

संध्याकाळी चहा घेताना बाबांनी हे मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. "आज एकाला दारातून परतवला. हातात चांगलं देखणं खोकं होतं. लोक काय काय शक्कल लढवतात!" त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. सायबर फसवणुकीची पत्रकं मीच शाखेतून आणून फ्रिजवर चिकटवली होती. पेन्शन खात्यावर डोळा ठेवून बसलेल्या लोकांचे किस्से मीच जेवताना सांगायचे. बाबांनी अक्षर न् अक्षर पाळलं.

आता कामाची गोष्ट. घराला कुलूप असतं ना, तर कुरिअरवाले दुसऱ्या दिवशी पुन्हा आले असते. पण दारात उभं राहून 'नको, घेऊन जा' म्हटलं की मुलगा मोबाइलवर 'नाकारलं' हे बटण दाबतो आणि पार्सल पाठवणाऱ्याकडे परत निघतं. ट्रॅकिंगवर मला तेच दिसलं. शो अगदी तोंडावर आला होता आणि माझी तिकिटं उलट्या दिशेने प्रवासाला निघाली होती.

कुरिअरच्या टोल फ्रीवर आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग गाणं. माणूस मिळाला तर म्हणाला, "परत पाठवणं थांबवायचं असेल तर सेंडरने सांगायला हवं." सेंडर म्हणजे तिकीटवाले. तिकीटवाल्यांच्या चॅटवर यंत्र बसवलेलं, ते म्हणणार, "पार्सलच्या चौकशीसाठी कृपया कुरिअर कंपनीशी संपर्क साधा." हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. आमच्या शाखेत पेन्शनर आजोबांना आम्ही एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतो तेव्हा त्यांना काय वाटत असेल, हा विचार मनात आला आणि त्याच रागात मी ब्रँच मॅनेजरकडे अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

कुरिअरचं गोदाम एमआयडीसीत. पत्र्याची शेड, आत पिवळे बल्ब, जमिनीवर पार्सलांचे ढीग. इन्चार्ज म्हणून जो होता तो माझ्या भावाहून लहान, पण ठाम.

"मॅडम, बॅग सील झाली. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जाणार."

"बॅग आहे कुठे?"

"ती काय, तुमच्या मागे."

वळून बघितलं तर राखाडी गोणपाटासारखी पिशवी, तोंडाला प्लास्टिकचं सील, हात लावण्याच्या अंतरावर. आत माझी तिकिटं. मी आधार दाखवलं, बँकेचं ओळखपत्र दाखवलं, बुकिंगचा मेल दाखवला. तो म्हणाला, "सील तोडलं तर माझी नोकरी जाईल." यावर काय बोलणार? सही नसलेला चेक मीही पास करत नाही. संक्रांत होती, पर्समध्ये तिळगुळाची पुडी होती, ती दिली. त्याने घेतली, गोड बोललाही, पार्सल काही दिलं नाही.

त्या पिशवीला गाडीत चढताना मी उभी राहून बघितलं. असला संताप मला नोटाबंदीतही आला नव्हता.

घरी आल्यावर बाबा एकच वाक्य बोलले: "मी म्हटलं होतं, पितृपंधरवडा आहे."

सुटका झाली ती अशी. चॅट सोडून दिलं आणि बुकिंगचा जो मूळ मेल आला होता त्यालाच उत्तर लिहिलं. विषयाच्या ओळीत शोची तारीख, बुकिंग नंबर आणि कुरिअरचा वेबिल नंबर, म्हणजे पार्सलचा नंबर, बाकी काही नाही. आत रडगाणं लिहिलं नाही. मागणी एकच: अमुक वेबिलचं पार्सल परत मागवू नका, ग्राहक ओळखपत्र दाखवून पुण्याच्या हबवरून घेऊन जाईल, याची परवानगी कुरिअरला लेखी द्या आणि मला कॉपी करा. सोबत आधारची प्रत, त्यावरचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेले. ऑफिसला कसलं वाक्य कळतं ते मला नोकरीमुळे माहीत आहे. ज्याला फक्त 'ओके' म्हणायचंय त्याला बाकी विचार करायला लावू नये. चॅटवाल्या यंत्राने जे दिलं नाही ते एका माणसाने दोन ओळींत दिलं.

पुण्याचं हब वाघोलीला. तिथे गेटवरच्या वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं, आत कुणीतरी खोकं शोधून आणलं, आधारवरचा फोटो आणि माझं तोंड जुळवलं आणि मग म्हणाला, "ओटीपी सांगा."

शेडमध्ये नेटवर्क नाही. रस्त्यापर्यंत चालत गेले, चहाच्या टपरीजवळ दोन कांड्या आल्या, ओटीपी आला, आत येईपर्यंत त्याची मुदत संपली. पुन्हा पाठवा म्हटलं. या वेळी टपरीवरूनच ओरडून सांगितला. आजूबाजूच्या ट्रकवाल्यांसकट सगळ्या वाघोलीला माझा ओटीपी कळला असेल. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

शोबद्दल थोडं लिहिते, कारण ते लिहून सांगता येण्यासारखं फारसं नाही. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, मी आणि मावसबहीण. गेटवर मनगटात घालायला दिव्याचा पट्टा देतात, तो आपण चालू-बंद करायचा नसतो, सगळ्या स्टेडियमचे पट्टे तिकडून एकदम रंग बदलतात. 'यलो' सुरू झालं आणि पट्टे पिवळे झाले तेव्हा मी मावसबहिणीचा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' मध्येच थांबवून गायक क्रिस मार्टिन म्हणतो, फोन खिशात टाका, आता एक गाणं फोनशिवाय. बहुतेकांनी टाकलेही. समोरच्या एका बापयाने नाही टाकला, त्याला मागून चार बायकांनी टाकायला लावला, त्यात एक मी. 'फिक्स यू'ला रडले. विल चॅम्पियन ड्रमवर काय वाजवतो ते रेकॉर्डमध्ये निम्मं ऐकू येत नाही, उभ्याने बघायचं तिकीट असेल तर छातीवर आदळतं. पट्टे जाताना परत द्यायचे असतात, ते पुढच्या शोला वापरतात. आठवण म्हणून पळवू नका.

असल्या शोला कुणी जाणार असेल तर पत्ता घरचा न देता जिथे तुम्ही दिवसभर असता तिथला द्या. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो मोबाइल आणि पार्सल एकाच जागी आलं पाहिजे. त्या आठवड्यात अनोळखी नंबर उचला. घरी ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा की अमुक दिवशी अमुक येणार आहे, नाहीतर ती बरोबरच वागतील. वेबिल नंबर मेसेजमधून उतरवून घ्या, मेसेज हरवतो. तिकिटं हातात आली की सुटकेसमध्ये टाकू नका, अंगावर ठेवा, मी एसटीत झोपले नाही.

बूट घाला, चप्पल नको. दुपारी पोटभर जेवून निघा, आत वडापाव घ्यायला रांगेत उभं राहिलात तर दोन गाणी गेली समजा. आणि साताऱ्याकडून येणाऱ्यांनी गाडी घेऊन जायचा विचार करू नये. एसटीने नेरुळच्या एलपी या थांब्याला उतरा, तिथून चालत जाता येतं. परतीचं लोकलचं तिकीट दुपारीच काढून ठेवा. सुटल्यावर लोंढा नेरुळ स्टेशनकडे वळतो, आम्ही उलटं जुईनगरला गेलो, तिकडे गर्दी होती पण पाय टेकवायला जागा होती.