काठावरून हाकलेली होडी

शनिवार, रात्री

रिमोटवर चालणारी माझी शिडाची होडी धुऊन झाली, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, आणि आजच्या शर्यतींविषयी मनात जे घोळते आहे ते विरून जाण्यापूर्वी लिहून काढावे म्हणून बसले आहे. फॉस्टर सिटीच्या लगूनमध्ये, म्हणजे आमच्या शर्यतींच्या तळ्यात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराचे पाणी घेतले जाते, त्यामुळे ते मचूळ असते आणि घरी आल्यावर विंच (दोर गुंडाळणारी चक्री), दोरांच्या कड्या आणि सुकाणूचा दांडा गोड्या पाण्याने धुवावाच लागतो. रेवदंड्यात आयुष्य काढलेल्या अप्पांना हे सांगावे लागले नाही. माझे बूट हंसांच्या घाणीतून मोकळे होईपर्यंत त्यांनी नळी हातात घेतली होती. (इथल्या कॅनडा हंसांविषयी गावात दोन तट आहेत. काठावर तासन्‌तास उभे राहून खेळणारी माणसे कोणत्या तटात असतात, हे सांगायला नको.)

अप्पा, म्हणजे माझे सासरे, उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले आहेत आणि आज प्रथमच शर्यत पाहायला आले. रिमोटची होडी म्हणजे मोटारीवर भिरभिरणारे खेळणे, अशी त्यांची समजूत होती. आमच्या होडीत तिला पुढे ढकलणारे यंत्रच नसते. ट्रान्समीटरवर दोन काठ्या असतात. एकीने सुकाणू फिरते, दुसरीने विंच फिरून मोठे शीड आणि जिब, म्हणजे पुढचे लहान शीड, या दोन्हींचा दोर एकदमच आवळतो किंवा सुटतो. हे कळल्यावर अप्पांनी घडीची खुर्ची पाण्याच्या अगदी जवळ ओढून घेतली.

आमच्या क्लबात एक मीटर वर्गाच्या होड्या धावतात. या वर्गाचे नियम १९८८ साली झाले आणि त्यांचा सारा रोख खर्चाची स्पर्धा रोखण्यावर आहे: लांबी १ मीटरपेक्षा जास्त नको, वजन ४ किलोपेक्षा कमी नको, पाण्याखालची खोली ४२ सेंटिमीटरपलीकडे नको, सांगाड्यात, म्हणजे होडीच्या धडात, कार्बन फायबर नको, डोलकाठी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची, आणि वाऱ्याच्या जोराप्रमाणे बदलण्यासाठी शिडांचे तीनच संच, तेही ठरलेल्या मापांचे. सांगाड्याचा आकार मात्र ज्याचा त्याने ठरवावा, आणि तिथेच आरेखनकारांची बुद्धी पणाला लागते. ब्रॅड गिब्सन यांच्या ‘ब्रिटपॉप’सारख्या एखाद्या आरेखनाचे नाव जगभरच्या तळ्यांवर घेतले जाते ते त्यामुळेच.

होडी पाण्यात सोडण्यापूर्वी मी ती आडवी धरली तेव्हा अप्पांनी विचारले, “अगं, एवढ्याशा होडीला एवढा लांब पाय कशाला?” प्रश्न अगदी नेमका होता. होडीची सर्व मापे निम्मी केली तर शिडाचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि ते जितक्या उंचीवरून होडीला लोळवू पाहते ती उंचीही निम्मी होते, म्हणजे कलवणारा जोर आठवा हिस्सा उरतो. पण होडीचे वजन आठवा हिस्सा आणि तिला सावरणारी लांबी पुन्हा निम्मी, म्हणून सावरणारा जोर मात्र सोळावा हिस्साच उरतो. होडी जितकी लहान, तितकी ती वाऱ्यापुढे दुबळी. म्हणून माणसे बसतील अशा होडीला शोभणार नाही इतकी खोल आणि बारीक कील, म्हणजे तळाखालचे पाते, तिला लावावी लागते आणि तिच्या तळाशी शिशाचा गोळा बसवावा लागतो. एकूण ४ किलोंपैकी निम्म्याहून अधिक वजन या पायात आणि त्या गोळ्यातच असते. अप्पांनी तो गोळा हातात तोलून पाहिला आणि मान डोलावली.

सकाळी वारा जेमतेम होता. उन्हाळ्यात इथला दिवस ठरलेल्या चालीने जातो: आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर उठते आणि पॅसिफिकवरची गार हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत सॅन ब्रूनोपाशी जी खिंड आहे तिच्यातून हा वारा विमानतळावरून घुसतो आणि दुपारी फॉस्टर सिटीपर्यंत येऊन पोहोचतो. शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे मी कोकणात जितके अनुभवले नाहीत तितके इथे रोज दुपारी अनुभवते. सकाळी दहाला पहिल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या शिडांनी सुरू झालेली शर्यत दुपारी एकनंतर दुसऱ्या संचावर येते, आणि बदल नेमका कधी करायचा याचा निर्णय क्लबात सर्वाधिक कुजबुजीचा विषय असतो. कोणी पहिला बदल केला की इतरांचे हात आपोआप शिडांच्या पेटीकडे जातात.

वारा कोठून येणार हे ओळखण्यात अप्पा आम्हा सर्वांच्या पुढे निघाले. दुसऱ्या शर्यतीत मी काठालगतच्या बाजूने वर जात होते, तोच ते मागून हलकेच म्हणाले, “डावीकडे बघ, त्या पुलाखाली पाणी काळं पडलंय.” खरोखरच तिथे बारीक लहरींचा एक पट्टा उमटला होता, मी टॅक घेऊन, म्हणजे वारा शिडांच्या दुसऱ्या बाजूला घेऊन, तिकडे वळले आणि पाचव्या स्थानावरून दुसऱ्या स्थानावर आले. शर्यतीत बाहेरच्याने सल्ला द्यायचा नसतो, हे त्यांना नंतर सांगावे लागले. त्यांनी ते मान्य केले, पण पुढच्या शर्यतीत त्यांचे खाकरणे मला संशयास्पद वाटले.

खेळाची खरी अडचण ही की आपण होडीत नसतो. होडी दूर जात असते तोवर काठी उजवीकडे म्हणजे होडीचे वळणही उजवीकडे. ती आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की सगळे उलटे दिसते. नवशिक्यांना क्लबात एकच युक्ती शिकवतात: होडीचे तोंड जिकडे, तिकडे आपलेही अंग वळवावे आणि मान मागे फिरवून तिच्याकडे पाहावे. काही महिन्यांत ही कसरत सुटते. अंतराचा अंदाज मात्र सहज येत नाही. वाऱ्याच्या बाजूची बोया, म्हणजे जिला वळसा घालायचा ती तरंगती खूण, ७०-८० मीटरवर असली की आपली होडी तिच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे डोळ्यांना कळतच नाही. कोणाचे शीड कोणाच्या शिडाला झाकते आणि बोया कोणाच्या सांगाड्याआड जाते, एवढ्यावरूनच ताडावे लागते. ज्या बोयेला आपण दोन होड्यांचे अंतर ठेवून वळसा घातला असे वाटते, तिला कधी कधी होडी घासून गेलेली असते.

वेग थोडा असतो, असे पाहणाऱ्याला वाटते, आणि ते खरेच आहे. पाण्यात बसून चालणाऱ्या सांगाड्याचा वेग त्याच्या लांबीच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. एक मीटरच्या होडीला तो साधारण २.४ नॉट, म्हणजे तासाला साडेचार किलोमीटर पडतो. माणूस काठाने चालत तिच्या बरोबर राहू शकतो. याच कारणाने चुरस तीव्र होते: सर्वांचा वेग सारखाच, तेव्हा पुढे जाणारा तोच, जो कमी गमावतो. आणि सर्वांत जास्त गमावले जाते ते सुकाणूत. सुकाणू वळवले की होडी वळते, पण त्याआधी ती थबकते. पाण्यात आडवे धरलेले पाते दुसरे काय करणार? हातात काठी आहे म्हणून ती सतत हलवत राहण्याचा मोह होतो आणि मागे पडलेल्या माणसाला तो जास्तच होतो. क्लबातील सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ, जे आयुष्यभर यंत्रशाळेत लेथवर काम करत होते, त्यांच्या अंगठ्याकडे मी आज एक पूर्ण फेरी मुद्दाम पाहत राहिले. वाऱ्याच्या तोंडावर जाताना तो अंगठा जवळजवळ हललाच नाही. त्यांची होडी जोराच्या झोतात आपणहून थोडी वाऱ्याकडे चढत होती आणि झोत ओसरला की आपणहून खाली येत होती, कारण डोलकाठीचा कल, मागच्या तारेचा ताण आणि जिबच्या वरच्या टोकाचा पीळ या सर्व गोष्टी त्यांनी घरून निघण्यापूर्वीच जुळवून आणल्या होत्या.

नियमांचे पालन हा इथला दुसरा मोठा भाग आहे. रेडिओ होड्यांसाठी शर्यतीच्या नियमांत एक वेगळे परिशिष्ट आहे. त्यात बोयेभोवतीचा विशेष हक्काचा परिसर मोठ्या होड्यांसारखा तीन होड्यांच्या लांबीचा न ठेवता चार लांबींचा ठेवला आहे, कारण दुरून पाहणाऱ्याला तेवढी सवलत हवीच. तक्रार शिडावरच्या आकड्याने करायची: आपला आकडा, मग ‘प्रोटेस्ट’, मग समोरच्याचा आकडा, आणि तेही दोनदा. चूक मान्य असेल त्याने बाजूला होऊन होडी एकदा पूर्ण गोल फिरवायची आणि पुन्हा निघायचे. पंच नसतात. तिसऱ्या शर्यतीत दूरच्या बोयेपाशी तीन होड्या एकत्र आल्या, कोणी कोणाला शिवले हे कोणालाच दिसले नाही, आणि तेवढ्यात आघाडीवर असलेल्या त्या ज्येष्ठांनी होडी बाजूला काढून गोल फिरवली. मागाहून म्हणाले, “माझ्या जिबचा शेंडा वाऱ्याविना थरथरला, म्हणजे धक्का माझाच.” मला त्यांच्या प्रामाणिकपणापेक्षाही त्या नजरेचे आश्चर्य वाटते. बाकी सगळेच असे नाहीत. आमच्याकडे असेही एक गृहस्थ आहेत की ज्यांना हक्क नसताना डाव्या बाजूने घुसतानाही फक्त स्वतःचाच आकडा आठवतो.

शेवटच्या शर्यतीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. लगूनमध्ये उन्हाळ्यात पाणगवत माजते, नगरपालिका ते यंत्राने कापून काढते, तरी तुकडे तरंगत राहतात. त्यांतला एक माझ्या कीलला गुंडाळला गेला आणि होडी ओल्या चादरीसारखी जड झाली.

रविवार, संध्याकाळ

काल अप्पांना एक शंका पडली होती: रेडिओ येण्यापूर्वी लोक या होड्यांची शर्यत लावत असत का आणि लावत असत तर कशी? म्हणून आज त्यांना गोल्डन गेट पार्कमधल्या स्प्रेकल्स तळ्यावर घेऊन गेले. सॅन फ्रान्सिस्को मॉडेल यॉट क्लबाची स्थापना १८९८ सालची, हे तळे खास अशा होड्यांसाठी बांधून १९०४ साली खुले केलेले, आणि काठावरचे क्लबाचे घर मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून १९३७ साली उभे राहिलेले. अप्पा वाटेत पुरते चकित झाले ते मात्र रानगव्यांसारखे दिसणारे बायसन पाहून, जे या बागेत गेल्या शतकाआधीपासून पाळले जातात.

सुदैवाने दोघे जण जुन्या पद्धतीच्या होड्या सोडत होते. या होड्यांच्या मागच्या बाजूला एक लहान पिसासारखे पाते उभे असते. ते वाऱ्याने वळते आणि दांड्यांच्या जोडणीतून सुकाणूला वळवते, त्यामुळे होडी वाऱ्याशी ठरवून दिलेला कोन स्वतःच सांभाळते. ही युक्ती १९३० च्या दशकात नॉर्वेच्या एका खेळाडूने इंग्लंडमधल्या स्पर्धेत आणली आणि तिने सगळा खेळ पालटून टाकला. त्याच सुमारास, १९३० साली, मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावी ५० इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शिडे एवढ्या सुटसुटीत नियमावर जो वर्ग सुरू झाला, त्याच्या होड्या अशाच चालत. आज त्याच वर्गाच्या होड्या रेडिओवरही धावतात. एका वेळी दोनच होड्या सोडतात. वाऱ्याविरुद्धची फेरी जिंकली तर ३ गुण, वाऱ्याबरोबरची जिंकली तर २, कारण पहिली अवघड. मालक काठावरून हातात लांब काठी घेऊन चालत राहतो आणि होडी काठाला आली की तिला फिरवून पुन्हा पाण्यात ढकलतो. एकदा सोडली की मध्ये काहीही करता येत नाही.

अप्पांना रेडिओच्या शर्यतीपेक्षा ही अधिक आवडली. त्यांच्या मते हीच खरी शिडाची होडी, आमची म्हणजे हात वळवळणाऱ्यांची सोय. मी वाद घातला, कारण समोरच्याचा वारा अडवणे, बोयेवर जागा मागणे, सुरुवातीच्या शेवटच्या दहा सेकंदांत रेषेवर पोहोचणे हे सगळे रेडिओशिवाय शक्यच नाही, आणि मला त्याच भांडणात गोडी आहे. पण त्या दोघांपैकी एक जण होडी सोडण्यापूर्वी पंधरा मिनिटे गुडघ्यावर बसून फक्त पात्याचा कोन आणि जिबचा दोर लावत होता, ते पाहताना कालच्या त्या स्थिर अंगठ्याचा उलगडा झाला. ज्येष्ठ गृहस्थ तरुणपणी याच पद्धतीने खेळत असत, असे क्लबात ऐकले होते. ज्याने अशी होडी सोडून तिच्याकडे नुसते पाहत राहायची सवय केली आहे, त्याला ट्रान्समीटर मिळाला तरी तो काठीला हात लावण्यापूर्वी थांबतो.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये होडी उभी केली आणि डोलकाठीचा कल मोजला. काल जोर वाढला की ती माझ्या मनाविरुद्ध वाऱ्याकडे चढत होती आणि मी ती सुकाणूने दाबत होते. म्हणून डोलकाठी थोडी पुढे कलवली, मागच्या तारेवर पेनाने नवी खूण केली, आणि जिबच्या वरच्या दोरीला अर्धा फेरा ढील दिली. पुढच्या शनिवारी पहिल्या दोन शर्यतींत हे बदल न हलवता तसेच ठेवायचे आहेत. अप्पांसाठी क्लबाकडून ६५ सेंटिमीटरची लहान होडी मागायची आहे. शिडावर कोणता आकडा चिकटवायचा हे त्यांनी आधीच ठरवले आहे, आणि तो आकडा कोणाकडे असेल तर काय, याची चौकशी उद्या सचिवांकडे करायची आहे.