तुम्ही विचारलंत म्हणून: मी अपडेट का करत नाही

"कक्षांच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन येऊन इतके महिने झाले, दादा, तू अजून जुन्यावरच?" लॅबमध्ये येणारा प्रत्येक ज्युनिअर हे विचारतो. परवा सरांनीही विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी बदलाला घाबरतो असं नाही. फोनचं अपडेट आलं की त्याच रात्री करतो. पण ग्रहांच्या कक्षा पाच अब्ज वर्षं पुढे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो.

चार वर्षांपूर्वी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, बुधाचे बारा रन लावायचे होते, म्हणजे त्याची कक्षा बारा वेळा पुढे चालवून पाहायची होती. नवं व्हर्जन वेगवान आहे म्हणून रात्री अकराला अपग्रेडची ओळ टाइप केली, रन लावले आणि घरी गेलो. दीड महिन्यानं निकाल आले. बारापैकी सातांत बुधाची विकेंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते; 0 म्हणजे वर्तुळ) 0.9 च्या वर, एकात तर तो थेट शुक्रावर आदळलेला. लास्कार आणि गास्तिनो या फ्रेंच संशोधकांनी 2009 मध्ये 2501 रन छापले, त्यांत बुध बिघडला तो जेमतेम 1 टक्क्यात. माझ्याकडे बारात सात! शहाण्याला इथेच घाम फुटला असता. मी परिषदेला गोषवारा पाठवून मोकळा झालो.

मग पोस्टरसाठी एक साधं चित्र काढायला बसलो: बुधाचा उपसूर्यबिंदू (कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू) शतकात किती सरकतो. 575 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) यायला हव्या होत्या, 532 आल्या. पुन्हा चालवलं. 532. म्हणजे 43 कमी, आणि 43 म्हणजे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा वाटा, हे आमच्यातला कुणीही झोपेतून उठून सांगेल. रनमध्ये सापेक्षता नव्हतीच. ती जोडणारं मॉड्यूल नव्या व्हर्जनशी जुळत नव्हतं, ते एरर देत होतं, आणि ती एरर गिळणारी ओळ मीच लिहिली होती: 'एक्सेप्ट', खाली 'पास', म्हणजे एरर आली तरी गुपचूप पुढे जा. सापेक्षता काढली की बुधाच्या कक्षेचं फिरणं मंदावतं, गुरूच्या कक्षेच्या फिरण्याच्या लयीजवळ येतं आणि गुरू तिला ताणत राहतो. अशा वेळी निम्म्याहून अधिक रन बिघडतात, हे लास्कार यांनी आधीच दाखवलं होतं. माझ्या वहीत ते अधोरेखित आहे.

गोषवारा मागे घेतला. तीन ओळींच्या मेलला दोन तास लागले.

हो, दोष अपडेटचा नव्हता. ज्युनिअर म्हणतो, लास्कार यांच्या रनमध्ये बुधाच्या कक्षेत सुरुवातीचा फरक 0.38 मिलिमीटरच्या पटींत होता, तरी वाटा पार वेगळ्या झाल्या. संगणकात बेरजेचा क्रम बदलला तरी पूर्णांकनामुळे शेवटचा अंक हलणार, मग एकेका रनला काय कवटाळतोस? बरोबर आहे त्याचं. तेव्हाच्या मलाही मी हेच ऐकवलं असतं. पण वाट बदलणं वेगळं आणि भौतिकशास्त्रच गायब होणं वेगळं, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. जुन्यातही चुका असतील, त्या मी रोज वापरतोय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात त्याच ज्युनिअरनं वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे जुन्याला धक्का न लावता, नवं व्हर्जन टाकून तोच चाचणी-रन निम्म्या वेळात काढून दाखवला. 575 आल्या.

मी म्हटलं, पुन्हा चालव.