पुण्यात ऑर्गनवादकाचे काम शोधताना

नगर सोडून पुण्यात येऊन आम्हाला आता आठ महिने झाले. यजमानांची बदली चाकणच्या कारखान्यात झाली, मुलीचा प्रवेश इथल्या कॉलेजात ठरला आणि वडगाव शेरीत भाड्याचे घर मिळाले, तेव्हा सारा संसार एका टेम्पोत मावला. माझे काम मात्र तिथेच राहिले. एकोणीस वर्षे मी नगरच्या एका मराठी चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवत होते आणि माझ्या आधी त्याच बाकावर माझे वडील बसत. शिक्षिकेने किंवा परिचारिकेने नव्या शहरात काम कसे शोधावे हे कोणीही सांगेल. चर्चच्या ऑर्गनवादकाने ते कसे शोधावे हे मला कोणी सांगू शकले नाही, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहून ठेवते आहे.

आमच्याकडचा ऑर्गन पायाने भाता चालवायचा, पितळी सुरांचा (म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी पट्ट्यांचा), जुन्या मिशनच्या काळातला. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले, आणि पुढे तिथल्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या समुदायांच्या, गाण्यात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहू लागले. एकीकडे परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते, तर दुसरीकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्यांनी अभंग, ओवी आणि भजनाच्या अंगाने रचलेली पदे. वादकाला दोन्ही सांभाळावी लागतात. परदेशी चालीची चार आवाजांची मांडणी छापलेली असते, ती नीट वाचून वाजवली की गीत उभे राहते. पण मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांखाली तसेच जाड स्वर एकावर एक रचले, तर शब्द गुदमरतात. तिथे डाव्या हाताने षड्ज-पंचम धरावा, उजव्या हाताने चाल हलकेच पुढे न्यावी आणि टाळ वाजवणाऱ्याला मोकळी जागा ठेवावी, असे वडिलांनी मला शिकवले. भाषांतरित गीतांत अडचण वेगळी असते. परदेशी चालीतला वजनदार स्वर मराठी शब्दाच्या भलत्याच अक्षरावर येऊन बसतो, आणि तो आघात वादकाने सौम्य केला नाही तर ओळीचा अर्थच वाकडा ऐकू येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे श्वास. ओळ संपली की मंडळी श्वास घेते, आणि तो किती लांब असावा हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. नगरला आमच्या मंडळीत वयस्क माणसे बरीच होती. तिसऱ्या कडव्यापासून त्यांचा दम कमी पडू लागे, तेव्हा मी ओळीच्या शेवटी दोन्ही हात उचलून त्यांना पुरेसा वेळ देत असे. पुण्यात आल्यावर माझ्या लक्षात आले की माझे निम्मे कसब या ओळखीत होते, आणि ती ओळख इथे कोणालाही दाखवता येत नव्हती.

पुण्यात चर्चची उणीव नाही. लष्कर भागातील सेंट मेरीज चर्चचे समर्पण १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हातून झाले. हे बिशप स्वतः उत्तम स्तोत्रकार होते, आणि वडिलांनी मला चार आवाजांत वाजवायला शिकवलेले पहिले स्तोत्र त्यांचेच होते. कॅथॉलिकांच्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये जागा दिली. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय १८८५ मधले. सारे पुणे त्याला पंचहौद म्हणूनच ओळखते, आणि त्याच्या शेजारी स्वतंत्र उभ्या असलेल्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. काम मागण्याआधी मी काही आठवडे निरनिराळ्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून केवळ ऐकले. उंच दगडी छताखाली सूर वर जातो आणि उशिरा परततो, त्यामुळे मागे बसलेली माणसे पुढच्यांच्या थोडी मागेच गातात. अशा ठिकाणी वादकाने मंडळीची वाट पाहत राहिले की गीत कडव्यागणिक मंदावत जाते. तिथे आपल्या कानापेक्षा आपल्या लयीवर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

उपासनेची पद्धतही मला नव्याने शिकावी लागली. आमच्या नगरच्या मंडळीची परंपरा काँग्रिगेशनल (जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते), तर इथल्या जुन्या चर्चपैकी अनेकांची अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडची). १९७० मध्ये सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यामुळे कागदोपत्री आम्ही एकाच घरचे आहोत. परंतु गायकांच्या घराण्यांत असतो तसा फरक उपासनेत अजूनही ऐकू येतो. नगरला प्रार्थना, गीत, शास्त्रवाचन (म्हणजे बायबलचे वाचन), उपदेश, अर्पण आणि आशीर्वाद इतका सरळ क्रम असे. इथे पाळक एक वाक्य गातात, मंडळी उत्तर देते, आणि त्या उत्तराचा पहिला सूर वादकाने अगदी क्षणात द्यायचा असतो. काही ठिकाणी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे अँग्लिकन पद्धतीने गातात; तिथे एकाच स्वरावर हवे तितके शब्द म्हणून ओळीच्या शेवटी चाल वळवायची असते. ते जमायला मला दोन महिने लागले. घरी की-बोर्डला हेडफोन लावून, समोर मराठी शास्त्र उघडून, मी रोज एक स्तोत्र म्हणत असे.

प्रत्यक्ष विचारणा सुरू केली तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असे: "ताई, की-बोर्ड वाजवता का?" वाजवते. गिटार, ड्रम आणि की-बोर्ड यांच्या साथीने तरुण मुले जी भक्तिगीते गातात, त्यांत मनापासून केलेली भक्ती असते, आणि अशा उपासनेत मी आनंदाने बसले आहे. तरीही ऑर्गनच्या कामाला मी वेगळे मानते. पियानोचा किंवा की-बोर्डवरच्या पियानोच्या आवाजाचा सूर वाजल्यावर आपोआप विरत जातो. ऑर्गनचा सूर बोट ठेवलेले असेपर्यंत तितक्याच ताकदीने टिकतो आणि बोट उचलताच तुटतो. त्यामुळे ओळ सलग ठेवायची तर पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावरचे बोट बदलावे लागते. दोनशे माणसे गात असताना त्यांच्या आवाजाखाली असा टिकणारा सूर असला, की ज्याला गाता येत नाही तोसुद्धा न लाजता गातो. हे मी एकोणीस वर्षे दर रविवारी पाहिले आहे.

आता पैशांविषयी, कारण या विषयावर आमच्या समाजात फार संकोच आहे. सुरुवातीला एका चर्चने मला तीन महिने वाजवायला सांगितले आणि मानधनाचे नंतर पाहू असे म्हटले. मी दर रविवारी दोन उपासना, शुक्रवारी गायनमंडळाचा सराव आणि नाताळच्या आठवड्यात जवळजवळ रोज वाजवले. तीन महिन्यांनी मी विषय काढला, तेव्हा पंचमंडळींपैकी एकांनी दुखावलेल्या स्वरात विचारले, "आम्हाला वाटले, तुम्ही ही प्रभूची सेवा म्हणून करता आहात." त्या वाक्याने मला बरेच दिवस झोप लागली नाही. मी सेवाच करत होते, यात शंका नाही. पाळकसाहेबही सेवाच करतात आणि त्यांना वेतन मिळते, कारण त्यांना घर चालवायचे असते. एका रविवारच्या चार-पाच गीतांसाठी, आरंभीच्या आणि अखेरीच्या वादनासाठी मी आठवड्यात निदान सहा तास सराव करते. वडगाव शेरीतून पेठेत जाण्यायेण्याचा खर्च निराळाच.

माझे ठाम मत असे झाले आहे, की वादकाने मानधनाची गोष्ट पहिल्याच भेटीत, स्पष्ट आणि लेखी करावी, आणि तसे करताना आपली भक्ती कमी पडते आहे असे मुळीच वाटून घेऊ नये. वादकाला पैसे देण्याची तरतूद ज्या मंडळीने कधी केलीच नाही, तिच्याकडे नवा वादक तयार होत नाही. जुना वादक थकतो, ऑर्गनवर मखमली आच्छादन पडते, त्यावर फुलदाण्या येतात, आणि पुढच्या पिढीला ते वाद्य आहे की टेबल हेसुद्धा ठाऊक नसते.

असाच एक ऑर्गन मला जानेवारीत सापडला. पेठेतल्या एका लहान मराठी चर्चमध्ये मी चौकशीला गेले होते. पाळकसाहेब म्हणाले, "सलाम बाई, वादक तर हवा आहे, पण वाद्य बंद आहे." कपाटामागे भिंतीशी लावून ठेवलेला तो ऑर्गन आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढला. झाकण उघडल्यावर पट्ट्या पिवळ्या पडलेल्या दिसल्या, पावसाळी हवेने फुगून तीन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पायटे दाबल्यावर भाता नुसता उसासत होता. मागची फळी काढली तर आत उंदरांनी कुरतडलेल्या फेल्टचा चुरा आणि एक जुने गीतपत्रक. मी पर्समधल्या आकड्याने एक सूर खाचेतून अलगद ओढून काढला. बोटभर लांबीची पितळी पट्टी आणि तिच्या जिभेखाली अडकलेले कापसाचे एक तंतूएवढे कुसळ. ते काढून, फुंकर मारून सूर परत बसवला, पाळकसाहेबांनी खाली वाकून हातांनी पायटे दाबले, आणि तो एक सूर स्वच्छ वाजला.

दुरुस्तीसाठी मला पेटी तयार करणारे एक काका भेटले. त्यांनी तरुणपणी नाट्यसंगीताच्या साथीचे ऑर्गन दुरुस्त केले आहेत. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांना ज्या जातीच्या ऑर्गनवर साथ करीत, त्याच जातीचा हा चर्चमधला ऑर्गन आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला फार भरून आले. माझ्या वडिलांचे वाद्य आणि पुण्याच्या रंगभूमीचे वाद्य एकाच घरातले निघाले होते. काकांनी भात्यावर हात ठेवून समजावले, "ताई, पेटीचा भाता हवा ढकलतो, हा हवा ओढून घेतो. म्हणून बाहेरची सगळी धूळ सुरांत जाऊन बसते. महिन्यातून एकदा मागची फळी काढून नुसती झटका, अर्धी दुखणी येणारच नाहीत." त्यांनी भात्याला नवे कातडे लावले आणि बेसूर जिभा एकेक करून जुळवल्या. जिभेचे टोक किंचित खरवडले की सूर चढतो आणि बुडाशी खरवडले की उतरतो. ते काम ते चष्मा कपाळावर ढकलून, कान लावून करत होते.

या चर्चशी माझे बोलणे पहिल्याच भेटीत झाले. महिन्याला चार हजार रुपये, दुरुस्तीचा खर्च मंडळीचा, लग्नाचे मानधन वेगळे आणि आठवड्यातून दोन दुपारी सरावासाठी किल्ली माझ्याकडे. सचिवांनी ते सभेच्या वहीत लिहून घेतले. रक्कम मोठी नाही. घर त्यावर चालणार नाही, म्हणून संध्याकाळी चार मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवते. त्यांतली एक नववीतली मुलगी याच मंडळीची आहे आणि तिचे पाय आता पायट्यांपर्यंत नीट पोहोचतात.

परवा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार आहे. मुले झावळ्या घेऊन आत येतात तेव्हाचे गीत डी स्वरात आहे, आणि ऑर्गनचा नेमका खालचा डी, म्हणजे काकांच्या भाषेत पांढरी दोन, मागच्या आठवड्यात जीभ तुटून गेला. एका जुन्या ऑर्गनमधला सूर उद्या संध्याकाळी आणून बसवतो, असे काकांनी सांगितले आहे. तो जुळला नाही तर काय, म्हणून आज दुपारी मी तेच गीत एक स्वर खाली, सी मध्ये वाजवून पाहिले. चढवले असते तर पुढच्या बाकावरच्या आजींना वरचा सूर जड गेला असता.