शीग

परवा दुपारी चालणारं पेन सापडेना म्हणून टेबलावरचं, एके काळी धान्य मापायचं मापटं उपडं केलं. त्यातून सात पेनं निघाली, सहा वाळलेली. एक स्क्रू निघाला. आणि तळाशी ज्वारीचा एक दाणा. मापटं आजीचं. गावचं घर मोडलं तेव्हा परात, घंगाळ, पितळी डबे सगळ्यांनी वाटून घेतले. हे कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडं आलं. दाणा आजीच्या काळचा आहे असं लिहायचा मोह होतो, पण आमच्याकडं चिमण्यांना ज्वारी टाकतात, तेव्हा राहू द्या.

गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. आजी मापायला बसली की पहिल्या मापाला कधी एक म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. पहिलीत गुरुजींनी आकडे म्हणायला उभं केलं तेव्हा मीही लाभपासूनच सुरू केलं आणि छडी खाल्ली. तरी अजून कुठलीही मोजणी सुरू करताना मनात आधी लाभच येतो. बँकेत नोटा मोजतानासुद्धा.

मापटं भरलं की डाव्या हाताचा आडोसा धरून शेवटची मूठ ती वरून सावकाश सोडायची. ज्वारीला टोक यायचं. शीग. उसनं न्यायला आलेल्या बाईला शीग, सुगीत मजुराला शीग, बलुतं न्यायला आलेल्याला शीग. नेणारीही फेडताना शीग लावूनच आणायची. फक्त आडत्याला सपाट. तळहात कडेवरून असा फिरवायची की वरचा एक दाणा राहू नये. "त्याचं पोट भरलेलं हाय," म्हणायची. लगेच थोर वगैरे समजू नका तिला. कुणाला किती दिलं ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक असायचं. ती शीग नेणाऱ्यांना घरी गेल्यावर कशी लागत असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

बहात्तरच्या दुष्काळात तीच आजी सरकारी कामावर खडी फोडायला गेली. दहा एकर कोरडवाहूची मालकीण, पहिल्या दिवशी पदर नाकापर्यंत ओढून. रेशनला परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो; कामावर सुकडी, म्हणजे वाटपाचा कोरडा खाऊ. ही सुकडी ती पदराला बांधून घरी आणायची. ते सगळं ती अगदी ताठ मानेनं सांगायची. "फुकट नव्हतं. हजेरी होती. अंगठा होता माझा." विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी तेव्हा राज्यभर पोचली. १९७७ साली तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. म्हणजे देणाऱ्याची मर्जी संपली; गल्लीभर सांगायचीही सोय उरली नाही. याच खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. माझ्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये कापले जायचे ते हेच, हे कळेपर्यंत मी त्या दोनशेवर पुटपुटत असे. कळल्यावरही पुटपुटलोच.

पण माणसाला लागतं किती? २०११ साली नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, खेड्यात दिवसाला २६ रुपये, शहरात ३२. त्याआधी उष्मांक मोजून झाले होते, खेड्यात २४००, शहरात २१००. यात आजीची मिसरी कुठल्या रकान्यात? एक वेळ भाकर नसली तर भागायचं. मिसरी संपली की सगळं घर तोंड चुकवत फिरायचं. आणि ट्रंकेतलं इरकल? दुष्काळात बैल गेले, पाटल्या गेल्या, ते लुगडं गेलं नाही. "लोकाच्या दारात लग्नाला काय नेसून जाऊ?" अ‍ॅडम स्मिथनं १७७६ सालीच लिननचा सदरा गरजांमध्ये धरला होता, कारण त्याच्याशिवाय रोजंदारीच्या माणसालाही चारचौघांत यायची लाज वाटेल. आपल्याकडं आयोगांवर आयोग झाले, इरकल कुणी धरलं नाही.

आता रेशनला माणशी पाच किलो. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ चा, आणि २०२३ च्या जानेवारीपासून फुकट. काटा इलेक्ट्रॉनिक, माप सपाट. माझी तक्रार नाही. शीग हाताच्या मर्जीवर असते, सपाट मापाला निदान भांडता येतं. मात्र मागच्या महिन्यात गाडी लावायला एका दुकानापुढं थांबलो तर एका म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटेना. तिनं पदराला पुसला, फुंकर घातली, परत लावला. बोटांवरच्या रेषा दगडांनी कधीच पुसून नेल्या असाव्यात. "मावशे, उद्या या," आतून आवाज आला. तिनं पिशवीची घडी केली, काखेत धरली. आजीचा अंगठा शाईत बुडवून घ्यायचे. तो दर वेळी उमटायचा.

तर मापटं रिकामं झालंच होतं, म्हटलं शीग वजनाला किती भरते बघावं. स्वयंपाकघरातला काटा घेतला, ज्वारी घेतली. सपाट माप झालं. मग डावा हात आडवा धरून मूठ सोडली, तर घसरली. पुन्हा सोडली, पुन्हा घसरली. टोक काही येईना. दाणे ओट्यावर, फरशीवर, फ्रीजखाली.

"अहो, हे काय चाललंय दुपारचं?" मागून आवाज आला. "ते दाणे आधी वेचा. मुंग्या होतील."

वेचायला बसलो. लाभ, दोन, तीन.