ॲन एमएलए, अ मेंबर

आज भाचीचा इंग्लिशचा अभ्यास घेतला, शब्दाआधी अ लावायचा की ॲन (a/an) ते चाललं होतं, तिच्या डोक्यात एकच, सुरुवातीला ए ई आय ओ यू दिसलं की ॲन, त्यामुळे युनिव्हर्सिटीला ॲन आणि अवरला अ लावून बाईसाहेब खुश 😄 म्हटलं अगं स्पेलिंग सोड, तोंडाने म्हणून बघ, युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते ना, आणि अवरमधला एच कुणी म्हणतं का? मग तिचाच प्रश्न, मामा एमएलएला काय? ॲन, कारण म्हणताना सुरुवात 'ए'ने, पण मेंबर असं पूर्ण लिहिलंस की अ. (बाराखडी येणाऱ्यांना हे सोपं जातं असं आपलं माझं मत.) सगळ्यात भारी किस्सा अंपायरचा, तो शब्द पूर्वी इंग्लिशमध्ये 'न'ने सुरू व्हायचा, बोलता बोलता लोकांनी तो न उचलून अला चिकटवला आणि झालं ॲन अंपायर! ॲप्रनचंही तसंच. आता ती उद्या शाळेत बाईंना हेच विचारणारे म्हणे.