तुम्ही विचारलंत म्हणून: जाणते लोक हातचं राखून का ठेवतात?

‘बक्षीस जाहीर केलं, पोर्टल बांधून दिलं, तरी अनुभवी माणसं काही लिहीत नाहीत. मुळात कुणी आपलं ज्ञान सहकाऱ्याला देतो तरी कशासाठी?’ व्यवस्थापक मंडळी हे वारंवार विचारतात. मान मिळत असेल आणि सांगण्याचा व्याप बेताचा असेल, तर बहुतेक माणसं आपणहून सांगतात, असं माझं ठाम मत आहे.

समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊ यांचा अमेरिकेतल्या सरकारी कचेऱ्यांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका खात्यात शंका वरिष्ठांनाच विचारायची, असा नियम होता. पण तिथे अज्ञान उघडं पडतं, म्हणून अधिकारी शेजारच्यालाच गाठायचे. सांगणाऱ्याचा वेळ जायचा, पण पत वाढायची. मात्र ज्याच्याकडे सगळेच येतात, त्याला पुढचा प्रश्न नकोसा होतो, कारण मान पुरेसा झालेला असतो आणि स्वतःचं काम तुंबलेलं असतं. म्हणून सर्वांत जाणत्या माणसाकडे रोज किती जण येतात, ते आठवडाभर मोजा. त्याच्या कामातून तेवढे तास आधी कमी करा, मगच त्याला लिहायला सांगा.

बक्षिसाचं म्हणाल, तर फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीचं उदाहरण बघा. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८०च्या दशकात तिथल्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा अभ्यास केला. पुस्तिका तोकडी पडली की हे लोक जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून बिघाड शोधत. पुढे १९९०च्या दशकात ‘युरेका’ नावाचा नोंदसंग्रह उभा राहिला. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, जाणकारांनी तपासायची आणि ती लिहिणाऱ्याच्या नावासह सगळ्यांना मिळायची. पैसे द्यावेत का, हा विषय निघाला तेव्हा तंत्रज्ञांनीच नको म्हटलं. त्यांना नाव हवं होतं. ते बरोबरच होतं, कारण नोंदीमागे पैसे लावले की नोंदींचा ढीग वाढतो आणि कस उतरतो.

कस म्हणजे काय? ‘पंपाची नियमित स्वच्छता करावी’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. ही वाचा: ‘पंप चाळीसेक मिनिटांनी बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालतो. लगेच मोटर बदलू नका. मोटरीच्या मागच्या पंख्याची जाळी बघा, धुळीने बुजलेली असते. खूण: पंखा फिरतो, पण वारा लागत नाही.’ लक्षण, खरं कारण, ओळखायची खूण आणि कोणती चूक टाळायची, एवढं पाच-सहा ओळींत बसतं. खाली नाव आणि तारीख हवी.

पण सगळा दोष न सांगणाऱ्यावर टाकू नका. कंपनीतली चांगली पद्धत एका विभागातून दुसऱ्या विभागात का पोहोचत नाही, यावरच्या व्यवस्थापन संशोधक गॅब्रिएल शुलान्स्की यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात अनिच्छेपेक्षा मोठे अडथळे वेगळेच निघाले: घेणाऱ्याची तयारी कमी, पद्धत नेमकी कशामुळे चालते हे देणाऱ्यालाही धड माहीत नाही आणि दोघांचं जमत नाही. त्यामुळे निवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात फायली सोपवणं जवळजवळ वायाच जातं. निदान तीन महिने आधी सुरुवात करा. एकच काम तीनदा होऊ द्या: पहिल्यांदा शिकणाऱ्याने बघायचं, दुसऱ्यांदा दोघांनी मिळून करायचं, तिसऱ्यांदा शिकणाऱ्याने एकट्याने करायचं आणि जाणत्याने गप्प बसायचं. गप्प बसणं सर्वांत अवघड जातं, पण तिथेच कळतं काय सांगायचं राहून गेलंय.

आणि कुणाच्या नोंदीमुळे काम झालं, तर त्याला त्याच दिवशी एक ओळ कळवा: कुठे वापरली, काय झालं.